डार्ट सुटण्याआधी

प्राणिसंग्रहालयात पशुवैद्यकाच्या हाताखाली तंत्रज्ञाचं काम करायचं तर सकाळी नाइट हाऊस, म्हणजे जनावरांची रात्रीची कोठडी, धुवायला घेण्याआधी तिथं पोहोचायचं, हा पहिला नियम. कीपरनं एकदा नळी लावली की रात्रभरात जनावरानं जे काही सांगून ठेवलेलं असतं ते गटारात जातं. वन्य प्राणी दुखणं लपवतो. जंगलात लंगडणाऱ्याचा नंबर आधी लागतो, आणि ती सवय पिंजऱ्यात जन्मलेल्या पिल्लातूनही जात नाही. माणूस समोर आला की आजारी वाघसुद्धा उठून उभा राहतो. म्हणून माणूस नसताना मागं राहिलेल्या खुणा वाचायच्या: विष्ठा, उलटी, लघवीचा डाग, उरलेलं मांस, न फुटलेलं हाड.

मांस किती उरलं यापेक्षा काय उरलं ते बघावं. मऊ मांस संपलंय आणि हाडाला तोंडच लावलेलं नाही, तर आधी दातांचा संशय घ्यायचा. वाघ-सिंहांना बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एक दिवस उपास असतो. उपासाच्या दुसऱ्या दिवशीही मांस पडून असेल तर ती बाब संध्याकाळपर्यंत थांबवायची नाही. भर उन्हाळ्यात एखादा दिवस दोन किलो उरणं वेगळं, उपासानंतर उरणं वेगळं. हरणांच्या लेंड्या सुट्या पडतात. त्या चिकटून गोळा झाला की आधी चारा बदललाय का ते विचारायचं, कारण पहिल्या पावसानंतरचं कोवळं गवत एवढं कारणही पुरतं. हत्तीचं शेण पायानं फोडून बघावं. बोटभर लांबीचे न चावलेले तंतू तसेच पडलेले असतील तर दाढांकडे बघायची वेळ आली. पक्ष्याच्या विष्ठेत तीन गोष्टी असतात: विष्ठा, पांढरं युरेट आणि पाणी. पांढरा भाग हिरवट किंवा पिवळा झाला तर यकृताचा विचार डोक्यात आणायचा.

आणि कीपरला विचारायचं. जुन्या कीपरना आपल्याकडे मामा म्हणतात. ‘मामा, बरा आहे ना तो?’ असं विचारलं तर ‘हो’ एवढंच उत्तर येतं. ‘कालच्यापेक्षा आज काय वेगळं वाटलं?’ असं विचारलं की माहिती मिळते. ‘रोज पहिला आत येतो, आज शेवटून आला’ हे वाक्य जसंच्या तसं, वेळेसह वहीत लिहायचं. ‘सुस्त’ असा शेरा लिहू नये. पुढच्या पाळीच्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही.

आपल्याकडच्या प्राणिसंग्रहालयांत ‘पशुवैद्यकीय तंत्रज्ञ’ अशी पाटी क्वचितच दिसते. हेच काम कुठे पशुधन पर्यवेक्षक करतो, कुठे प्रयोगशाळा सहायक, कुठे ड्रेसर. निदान करणं आणि औषध ठरवणं हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचं काम. १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यात ते स्पष्ट आहे, आणि पदविकाधारकाला किरकोळ सेवा देता येतात त्याही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. ही रेघ पाळली की काम सोपं होतं. डॉक्टरांना निर्णय घेता यावा म्हणून लागणारं सगळं अचूक आणि वेळेवर तयार ठेवणं, हे आपलं काम.

विष्ठेचा नमुना ताजा हवा. लगेच तपासणार नसाल तर फ्रिजमध्ये, चार अंशाला, आणि एका दिवसाच्या आत तपासायचा. फ्रीझरमध्ये ठेवू नये, त्यानं कृमींची अंडी फुटतात. जमिनीला टेकलेला भाग सोडून मधला घ्यायचा, नाहीतर मातीतले सुटे कृमी आत येतात. एका पिंजऱ्यात दोघं-तिघं असतील तर कोणाची विष्ठा कोणती? खाण्याचा रंग किंवा बिनविषारी चमकी मांसाच्या एका तुकड्यात घालून तो एकालाच द्यायचा. दुसऱ्या दिवशी चमकणारा ढीग त्याचा.

तरंग पद्धत, म्हणजे विष्ठेतली कृमींची अंडी मिठाच्या पाण्यावर तरंगवून शोधणं, अगदी साधी आहे, आणि म्हणूनच तिच्यात घाई होते. एक लिटर कोमट पाण्यात मीठ घालत, ढवळत राहायचं. साधारण ३६० ते ४०० ग्रॅम गेलं आणि तळाशी न विरघळलेलं मीठ दिसायला लागलं की द्रावण संपृक्त झालं. विशिष्ट गुरुत्व १.२०च्या आसपास यायला हवं. दोन-तीन ग्रॅम विष्ठा त्यात कालवून चहाच्या गाळणीनं गाळायची, परीक्षानळी काठोकाठ भरायची, वर फुगवटा आला की कव्हरस्लिप ठेवायची. दहा ते पंधरा मिनिटं. अर्धा तास विसरलात तर मिठाचे खडे धरतात आणि अंडी चेपतात, मग ओळख पटत नाही. यकृतकृमीची अंडी जड असतात, ती मिठावर तरंगत नाहीत. हरीण, गवा, नीलगाय असेल तर अवसादन पद्धतही, म्हणजे तळाशी बसलेला गाळ तपासणं, करायलाच हवी. नुसत्या तरंग पद्धतीवर ‘निगेटिव्ह’ लिहिणं म्हणजे अर्धीच तपासणी. जिआर्डिया या आतड्यातल्या एकपेशीय परजीवीच्या पुट्या (सिस्ट) मिठात सुरकुततात, त्यासाठी झिंक सल्फेटचं ३३ टक्के द्रावण बरं.

जंताच्या औषधाचा उपयोग झाला का हे कळायला आकडा लागतो. त्यासाठी मॅकमास्टर, म्हणजे दोन कप्प्यांच्या काचपट्टीवर अंडी मोजायची पद्धत: ३ ग्रॅम विष्ठा, ४२ मिली द्रावण, दोन्ही कप्प्यांतली अंडी मोजायची आणि बेरजेला ५०नं गुणायचं. गुणाकार पाठ असतो, पण तो ५०च का हे समजून घेतलेलं बरं. तीन ग्रॅम मिळून ४५ मिली होतं, म्हणजे एका मिलीत ग्रॅमचा पंधरावा भाग. दोन कप्प्यांत मिळून ०.३ मिली मावतं, म्हणजे ग्रॅमचा पन्नासावा भाग. कोणी २ ग्रॅम घेतलं आणि गुणाकार तोच ठेवला, तर सगळा तक्ता चुकतो. औषधानंतर दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा मोजायचं.

सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारं सगळंच त्या प्राण्याचं नसतं. कोंबडी खाल्लेल्या बिबट्याच्या विष्ठेत कोंबडीचे कॉक्सिडिया, म्हणजे तिच्या आतड्यातले सूक्ष्म परजीवी, सहज सापडतात. ते नुसते आतड्यातून वाट काढत बाहेर आलेले असतात. हरणाच्या विष्ठेत गवतावरच्या माइट्सची अंडी दिसतात, ती नेहमीच्या कृमींच्या अंड्यांपेक्षा बरीच मोठी असतात. नवखा माणूस ‘पॉझिटिव्ह’ लिहितो आणि बिबट्याला विनाकारण औषध जातं. आदल्या दिवशीचा आहार अहवालावर लिहायची सवय यासाठीच.

रक्ताच्या काचपट्टीबद्दल थोडं सविस्तर, कारण ती कमीत कमी खर्चात सर्वांत जास्त सांगते. थेंब छोटा, दुसरी पट्टी ३० ते ४५ अंशांत धरून एकाच सरळ ओढीत पसरायचा, शेवट पिसासारखा पातळ यायला हवा. लगेच हवेत वाळवायचा, पावसाळ्यात हातपंख्यानं. दमट हवेत पट्टी हळू वाळली की लाल पेशींत खोटी छिद्रं दिसतात आणि ती परजीवी वाटतात. मग मिथेनॉलमध्ये तीन ते पाच मिनिटं, आणि जीम्सा हा रंग. सर्रा या रोगाचा परजीवी, ट्रिपॅनोसोमा, असाच सापडतो. तो गोमाश्यांमार्फत पसरतो आणि एकदा-दोनदा पट्टी निगेटिव्ह आली म्हणून नाही असं म्हणता येत नाही, कारण तो रक्तात लाटेनं येतो-जातो. ताप असतानाच्या वेळची पट्टी घ्यावी. जुलै २०००मध्ये ओडिशाच्या नंदनकाननमध्ये या रोगानं डझनभर वाघ गेले. तेव्हापासून पावसाळ्यात माश्या वाढल्या की मोठ्या मार्जारांच्या काचपट्टीकडे दुर्लक्ष करायला कोणाला सबब उरलेली नाही.

मांसाकडेही तेवढंच लक्ष हवं. डिसेंबर २०२४च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेनं एच-५-एन-१ बर्ड फ्लूवर शिक्कामोर्तब केलं, आणि संशय कोंबडीच्या मांसावर गेला. गोठवण्यानं हा विषाणू मरत नाही. बर्ड फ्लूची बातमी आली की कच्ची कोंबडी बंद करायची आणि स्रोत बदलेपर्यंत म्हशीच्या मांसावर राहायचं, यात काटकसरीचा विचार आणू नये. रोजच्या मांसावरही नजर हवी: वास, रंग, बोटाला चिकटपणा, लसिका ग्रंथी सुजलेल्या आहेत का, फुप्फुसात गाठी आहेत का. गाठी दिसल्या तर क्षयाचा संशय, अख्खी खेप परत. हाडाशिवाय मांस पिल्लांना देत राहिलं तर कॅल्शियम कमी पडून हाडं वाकतात. नुसत्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो. आणि गोठवलेल्या मासळीत बी-१ जीवनसत्त्व नासतं. राणीबागेतल्यासारखे हम्बोल्ट पेंग्विन सांभाळायचे तर दर किलो मासळीमागं २५ ते ३० मिलीग्रॅम थायमिन द्यावं लागतं. गोळी माशाच्या कल्ल्यात सरकवायची, पोटात खुपसली तर ती पाण्यात गळून पडते.

पिंजऱ्याच्या दारातलं ‘लाल पाणी’, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटचं पायधुणं, आपल्याकडे सगळीकडे दिसतं. ते गुलाबी-जांभळं असेपर्यंतच काम करतं. तपकिरी झालं की नुसतं मळकं पाणी उरतं, आणि बुटाला शेण असेल तर तपकिरी व्हायला तासभरही लागत नाही. आधी ब्रशनं बूट घासायचा, मग पाय बुडवायचा. मांजरवर्गातल्या पॅनल्यूकोपेनिया रोगाचा विषाणू तर या पाण्याला दादच देत नाही. त्याला ताजं ब्लीच लागतं, एका भागाला ३२ भाग पाणी, पृष्ठभाग स्वच्छ केल्यावर दहा मिनिटं ओलं राहील असं. जुनं, उघड्या डब्यातलं ब्लीच वास येत असला तरी निकामी असतं. २०२३मध्ये बंगळुरूच्या बन्नेरघट्टात या विषाणूनं बिबट्याची सात पिल्लं गेली. एका पिंजऱ्याची बादली, झाडू, बूट दुसऱ्या पिंजऱ्यात न्यायचे नाहीत. बादल्यांना रंग लावून ठेवले की भांडण होत नाही.

मेलेल्या जनावराबाबत एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. हत्ती, गवा, हरीण अचानक मेलं आणि नाकातोंडातून, गुदद्वारातून न गोठणारं काळपट रक्त येत असेल, तर सुरीला हात लावायचा नाही. आधी कानाच्या शिरेतून एक थेंब, काचपट्टी, आणि पॉलिक्रोम मिथिलिन ब्लू हा रंग. निळ्या दांड्यांभोवती गुलाबी आवरण दिसलं तर तो अँथ्रॅक्स. शव उघडलं की जंतूंना हवा मिळते, बीजाणू तयार होतात आणि ती जागा वर्षानुवर्षं खराब होते. या एका काचपट्टीला पंधरा मिनिटं लागतात. बाकी शवविच्छेदनात तंत्रज्ञाची चूक ठरलेली असते: लहान बरणीत मोठा तुकडा कोंबणं. फॉर्मॅलिन बाहेरून आत हळूहळू झिरपतं, म्हणून तुकडा अर्धा सेंटिमीटर जाड, आणि तुकड्याच्या दहा पट फॉर्मॅलिन. मुठीएवढा यकृताचा गोळा टाकला तर मध्ये तो कुजतो आणि प्रयोगशाळा ‘नमुना अयोग्य’ म्हणून परत पाठवते. विषाणूसाठीचा तुकडा वेगळा, बर्फावर, फॉर्मॅलिनचा स्पर्शही न होता.

आता डार्ट, म्हणजे लांबून मारायची भुलीची सिरिंज. वाघाला भूल द्यायची ठरली असं धरू: दात बघायचाय, रक्त घ्यायचंय, वजन करायचंय. तारीख ठरवताना पहिली गोष्ट हवामान. विदर्भातल्या मे महिन्यात सकाळी आठनंतर सुरुवात करणं म्हणजे जनावर तापवणं. उजाडता उजाडता काम सुरू व्हावं, आणि शक्यतो प्रेक्षकांची सुट्टी असलेल्या दिवशी. पुण्यात आणि राणीबागेत तो बुधवार. आदल्या दिवशी वाघाला खायला नाही, पाणी काही तास आधी बंद. पोट भरलेलं असेल तर झायलाझीन या गुंगीच्या औषधानं उलटी होते आणि ती श्वासनलिकेत जाते. हा उपास कीपरला तोंडी सांगून भागत नाही. पिंजऱ्यावर पाटी लावायची, कारण रात्रपाळीचा माणूस वेगळा असतो. पाण्याचा हौद रिकामा करायचा. हौदात तोंड घालून झोपलेलं जनावर वीतभर पाण्यातही बुडतं.

मग औषधाचं गणित, जिथं सर्वांत मोठ्या चुका होतात. झायलाझीनची कुपी २० मिलीग्रॅम प्रतिमिलीचीही मिळते आणि १०० मिलीग्रॅमचीही. केटामाइन, हे भुलीचं दुसरं औषध, ५०चंही असतं आणि १००चंही. लेबल सारखी दिसतात. मात्रा मिलीग्रॅममध्ये बोलायची, मिलीमध्ये कधीच नाही, आणि कुपी हातात घेऊन तीव्रता मोठ्यानं वाचायची. डॉक्टरांनी समजा १५० मिलीग्रॅम झायलाझीन सांगितलं. वीसच्या कुपीतून ते साडेसात मिली होतं. तीन मिलीच्या डार्टमध्ये मावतच नाही, आणि मोठा डार्ट जड, तो मार जास्त देतो. यावर म्युनिकच्या हेलाब्रून प्राणिसंग्रहालयात निघालेला तोडगा आजही चालतो: ५०० मिलीग्रॅम कोरडी झायलाझीनची भुकटी, १००च्या केटामाइनच्या ४ मिलीत विरघळवायची. एका मिलीत १२५ मिलीग्रॅम झायलाझीन आणि १०० मिलीग्रॅम केटामाइन. आता तेच १५० मिलीग्रॅम फक्त १.२ मिलीत बसलं, सोबत १२० मिलीग्रॅम केटामाइन आलं. इथं भुकटीवर चुकून ५०चं केटामाइन ओतलं तर केटामाइन निम्मंच जातं, वाघ पडतो पण गाढ झोपत नाही, आणि हे कळतं तेव्हा माणसं पिंजऱ्यात असतात. ही बाटली बनवली की तारीख, वेळ, तीव्रता आणि बनवणाऱ्याची सही त्याच क्षणी. केटामाइन शेड्यूल एक्समधलं, म्हणजे कडक नियंत्रणाच्या यादीतलं, औषध आहे. उरलेला प्रत्येक थेंब रजिस्टरात आणि कुलपात.

डार्ट म्हणजे दोन खोल्यांची सिरिंज. पुढच्या खोलीत औषध, मागच्या खोलीत दाबलेली हवा, मध्ये रबरी दट्ट्या. सुईचं टोक बंद असतं, छिद्र तिच्या बाजूला, आणि त्यावर सिलिकॉनची छोटी नळी चढवलेली असते. सुई कातडीत शिरली की नळी मागं सरकते, छिद्र उघडतं, हवा दट्ट्याला ढकलते. म्हणजे सगळा भरवसा तीन-चार मिलिमीटरच्या त्या नळीवर. ती जुनी, सैल झालेली असेल तर डार्ट हवेतच औषध सांडतो. नको तेवढी घट्ट असेल तर सरकत नाही आणि डार्ट भरलेलाच परत येतो. म्हणून आदल्या दिवशी प्रत्येक डार्टमध्ये पाणी भरून, हवा भरून, नळी हातमोज्यातल्या चिमटीनं मागं ओढून बघायची. पाण्याची धार एका दमात, पूर्ण बाहेर यायला हवी. अडखळली तर दट्ट्याला सिलिकॉन तेलाचा एक थेंब, तरीही अडखळली तर तो डार्ट बाद. वाचवण्यासारखी ती वस्तू नव्हे.

भरताना क्रम मोडायचा नाही. हातमोजे आणि चष्मा. दट्ट्या पूर्ण मागं. औषध पुढून साध्या सुईनं भरायचं. जागा उरली तर निर्जंतुक पाण्यानं पूर्ण करायची, कारण अर्धवट भरलेल्या डार्टचा तोल बिघडतो. मग डार्टची सुई बसवायची, नळी छिद्रावर आहे हे उजेडात धरून बघायचं, सुईवर टोपी चढवायची, आणि त्यानंतरच मागून हवा. टोपीशिवाय हवा भरली आणि नळी निसटली तर औषध थेट तोंडावर येतं. वाघाला साधारण ४० मिमीची सुई. आखूड असेल तर पिंजऱ्यातल्या सुखवस्तू वाघाच्या चरबीतच औषध राहतं. चरबीतून ते रक्तात इतकं हळू जातं की अर्ध्या तासानंतरही तो डुलतच बसतो, आणि दुसरा डार्ट मारावा की नाही हा वाईट प्रश्न उभा राहतो. भरलेले डार्ट दोन ठेवायचे, एकावर ‘पहिला’, एकावर ‘जोड’ लिहून.

जवळून, आठ-दहा मीटरच्या आत, ब्लोपाइपच, म्हणजे फुंकून डार्ट मारायची नळीच, बरा. आवाज नाही आणि मार हलका. गन वापरायची तर त्याच अंतरावरून, त्याच वजनाचा पाण्याचा डार्ट आदल्या दिवशी पेंढ्याच्या भाऱ्यावर मारून दाब ठरवायचा आणि अंतर-दाबाचा तक्ता गनच्या पेटीत चिकटवायचा. दाब जास्त झाला तर डार्ट मांडीत खोल घुसून रक्त साकळतं, हाडाला लागला तर हाड मोडतं. नेम मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूवर. बरगड्या आणि पोट कधीच नाही.

डार्ट लागल्याची वेळ मोठ्यानं सांगायची आणि लिहायची. त्यानंतर शांतता. ही शांतता पाळणं सर्वांत अवघड जातं. लोक पुढं सरकतात, मोबाइल काढतात. चिडलेल्या, घाबरलेल्या जनावरावर झायलाझीन नीट चालत नाही. तेवढ्याच मात्रेवर शांत वाघ दहा मिनिटांत झोपतो आणि डिवचलेला वीस मिनिटांनीही उभा असतो. हरणांच्या बाबतीत तर पाठलागानं स्नायू कायमचे खराब होतात, जनावर भुलीतून उठतं आणि दोन-तीन दिवसांनी मरतं. पंधरा मिनिटं कोणी हलायचं नाही. मग बाहेरून लांब बांबूनं आधी शेपटीला, पाठीला आणि शेवटी कानाच्या केसांना स्पर्श. कान उडाला तर अजून थांबायचं. कान उडत नसेल तरच कुलूप उघडायचं, तेही बाजूच्या कप्प्याचं दार बंद असल्याचं दोघांनी वेगवेगळं तपासल्यावर. ‘मी बघितलंय’ या शब्दावर आत जायचं नाही, स्वतः कुलूप ओढून बघायचं.

आत गेल्यावर पहिला डार्ट काढायचा आणि रिकामा झालाय का ते बघायचं. केटामाइनमध्ये डोळे उघडे राहतात, बुबुळ वाळतं. म्हणून डोळ्यांत मलम, वर कापडाची पट्टी. कानांत कापसाचे बोळे. जीभ बाहेर ओढून बाजूला, मान सरळ, तोंड थोडं खाली म्हणजे लाळ बाहेर गळते. जिभेवर ऑक्सिमीटरचा चिमटा. मग दर पाच मिनिटांनी तापमान, नाडी, श्वास, आणि ते लिहिणारा माणूस दुसऱ्या कशालाही हात न लावणारा हवा. तापमान ४०च्या वर जायला लागलं की जांघेत, काखेत, पोटावर पाणी आणि पंखा. ४१ ही धोक्याची घंटा, तिथं डॉक्टर काम थांबवून भूल उतरवणारं औषध देण्याचा विचार करतात. रवंथ करणारं जनावर असेल तर त्याला कुशीवर पाडायचं नाही. छातीवर बसवायचं, मान उंच आणि नाक खाली, नाहीतर पोट फुगतं.

रक्त पायाच्या किंवा शेपटीच्या शिरेतून. नळ्यांचा क्रम ठरलेला: आधी साधी लाल झाकणाची, मग जांभळी. उलटं केलं आणि जांभळ्यातलं इडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) लाल नळीत गेलं, तर पोटॅशियम खोटं वाढलेलं आणि कॅल्शियम खोटं घटलेलं येतं, आणि डॉक्टर नसलेल्या आजारामागं लागतात. सिरिंजमधून नळीत घालताना सुई काढायची. बारीक सुईतून जोरात ढकलल्यानं पेशी फुटून सीरम लाल होतं. जांभळी नळी आठ-दहा वेळा हळूच उलटसुलट करायची, हलवायची नाही. लाल नळी अर्धा तास उभी ठेवायची, मग सेंट्रिफ्यूज यंत्रात मिनिटाला ३००० फेऱ्यांवर दहा मिनिटं फिरवायची. नळीवर नाव, मायक्रोचिप क्रमांक, तारीख, वेळ तिथंच लिहायची, दवाखान्यात गेल्यावर नाही. पक्ष्यांचं वेगळं: वजनाच्या एक टक्क्यापेक्षा जास्त रक्त एका वेळी घ्यायचं नाही, म्हणजे १०० ग्रॅमच्या पोपटाचं फार तर एक मिली. कासवाच्या रक्ताला इडीटीए चालत नाही, पेशी विरघळतात; तिथं हेपारिनची नळी.

उठवण्याची घाई नको. झायलाझीनला उतारा आहे, योहिम्बिन किंवा अटिपामेझोल; केटामाइनला उतारा नाही. झायलाझीन लवकर उतरवलं तर मागं नुसतं केटामाइन उरतं, जनावर ताठरतं, झटके येतात, डोकं जमिनीवर आपटतं. म्हणून शेवटच्या केटामाइननंतर साधारण चाळीस-पंचेचाळीस मिनिटं जाईपर्यंत थांबायचं. उताऱ्याची सिरिंज भरायच्या आधी हत्यारं मोजून बाहेर: थर्मामीटर, कात्री, सुया, वापरलेला आणि न वापरलेला डार्ट. मग डोळ्यांची पट्टी. कानांतले बोळे शेवटी काढायचे, कारण आवाजानं तो आधी जागा होतो. बोळे दोन घातले होते, दोन बाहेर आले का, हे बोट दाखवून मोजायचं. इंजेक्शन दिलं की सगळे बाहेर, कुलूप, आणि पिंजऱ्यावर चादर.

पहिल्यांदा कान हलतो, मग जीभ आत जाते, मग डोकं वर येतं आणि डुलत खाली जातं. पाय सावरून स्थिर उभा राहिला की थोडं पाणी, खाणं दुसऱ्या दिवशी. जोडीदाराला चोवीस तास सोबत सोडायचं नाही. अडखळणाऱ्या वाघावर त्याचा रोजचा सोबतीसुद्धा तुटून पडतो. रात्रपाळीच्या माणसाला कागदावर तीन ओळी लिहून द्यायच्या: किती वाजता उभा राहिला, पाणी किती प्यायला, उलटी झाली तर कोणाला उठवायचं.